"देव व्हा लागलं तं कोनता होसान?"

डोमाभाऊ माणसाला नाव विचारत नसे. नाव आईबापांनी ठेवलेलं, त्यात तुमचं काय कर्तृत्व, असं त्याचं सरळ म्हणणं. नवा माणूस दिसला की तो त्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघे आणि विचारी, "देव व्हा लागलं तं कोनता होसान?"

मला त्यानं हे विचारलं तेव्हा माझे पाय त्याला दिसत नव्हते. मी छातीपर्यंत पाण्यात होतो.

त्याचं असं झालं. सरकारनं मला चांदा जिल्ह्यात देवी टोचायला नेमलं होतं. खांद्याला लशीची पेटी, खिशात टोचणी आणि अंगात नव्या नोकरीची मस्ती. गाडीवानानं मला गावाबाहेर उतरवलं आणि तलावाच्या पाळीनं, मातीच्या बांधावरून, जा म्हणून बजावलं. पण पाळ लांबचा वळसा घेत होती आणि समोर तर हिरवंगार सपाट मैदान पसरलं होतं. नागपुरात वाढलेल्या माणसाला हिरवं आणि सपाट दिसलं की ते मैदानच वाटतं. मी ऐटीत निघालो. ते मैदान म्हणजे शिंगाड्याच्या वेलांनी झाकलेला तलाव होता, हे मला पाय आत गेल्यावर कळलं.

पेटी डोक्यावर धरून मी ओरडत होतो. वेल बाजूला सारत एक डोंगा सावकाश आला. त्यात उघडाबंब, काळा, हाडकुळा माणूस. चेहऱ्यावर देवीचे वण इतके की नाक कुठं सुरू होतं आणि गाल कुठं संपतो हे शोधावं लागे. त्यानं डोंगा थांबवला, हात पुढं केला नाही, आणि तो प्रश्न विचारला.

"अहो, आधी बाहेर काढा!"

"काढतो ना जी. पर सोचून सांगा. घाई नाई. देवपन काई रोज भेटत नाई."

माझ्या मेसमध्ये भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यात इंद्र सिंहासनावर बसलेला, मागं हत्ती आणि पुढं अप्सरा. छातीपर्यंत थंड पाण्यात उभ्या माणसाला दुसरं काय आठवणार? मी ओरडलो, "इंद्र!"

डोमाभाऊनं वल्हं आडवं ठेवलं. "इंद्र? म्हंजे कोनी कुठी तप कराले बसलं का ज्याची खुर्ची हालते तो? जलमभर बदलीच्या भेवानं जगनारा देव." मग माझ्या पेटीवरचा सरकारी शिक्का त्याला दिसला. "बरोबर हाय. सरकारी मानूस हा तुमी."

असा मी गावात शिरलो तो इंद्रदेव म्हणून. गळ्यात शिंगाड्याचा एक वेल अडकला होता, त्यामुळं कुणीतरी सत्कार करून पाठवल्यासारखा दिसत होतो. माझं खरं नाव त्या गावाला कधी कळलंच नाही. पुढं धान कापून बांध्यांमध्ये पडलेलं असताना एकदा अवकाळी पाऊस आला, तर चार शेतकरी माझ्या खोलीसमोर येऊन उभे राहिले. "इंद्रदेव, हे काई बरं नाई केलं तुमी." मी चक्क माफी मागितली. काय करणार, पद घेतलं की जबाबदारी आली.

डोमाभाऊ जातीचा ढिवर. तलावात मासे धरी, शिंगाडे लावी, आणि दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली की दंडारीचा म्होरक्या होई. दंडार म्हणजे तिकडचा सोंगांचा खेळ. भरदुपारी, उघड्यावर, ढोलकी-टाळांच्या आवाजात रामायण-महाभारतातले देव नि राक्षस नाचतात. सोंगं वाटून वाटून डोमाभाऊला हा देवांचा नाद लागला असेल, असं मला वाटे. पण त्याचा नाद दंडारीपुरता नव्हता. जाळ्यातला मोठा रोहू तो दोन्ही हातांनी तोंडासमोर धरी आणि अदबीनं विचारी, "मत्स्यावतार तं नाई ना जी?" थोडा वेळ थांबे. उत्तर आलं नाही की टोपलीत टाकी. "इचारून घेतलेलं बरं. मागाहून कोनी म्हनाले नको का डोमानं भगवंत बाजारात इकला."

माणसाची निवड ऐकली की त्याची खरी उलटतपासणी सुरू होई. गावच्या लोहारानं मारुती निवडला, तर डोमाभाऊ म्हणाला, "मंग बायकोले माहेरी धाडाव लागंल. ब्रह्मचारी हाय तो." लोहार आठवडाभर विचारात होता. एका पोक्त पाटलानं विष्णू निवडला. "सापावर निजसान? परवा घरात धामन निघाली तं तुमी खाटेवर उभे होते." पाटलानं पुन्हा कधी विष्णूचं नाव काढलं नाही. शंकर म्हणणाऱ्यांना तो विचारी, "राख फासून घरी गेल्यावर आंघोळीचं पानी कोन तापवून देईल?" एकटी भागरथाबाई तेवढी त्याला पुरून उरली होती. ही गावातली सगळ्यात म्हातारी बाई, आणि अर्ध्या गावाची सुईण. ती म्हणाली, "कोनताच नाई रे बाबा. देव झालं का दिवसभर उभं राहा अना लोकाईची गाऱ्हानी ऐका. मले माह्या सुनेचीच पुरतात."

"अन् तुम्ही कोण व्हाल, डोमाभाऊ?" असं कुणी उलट विचारलं, की तो जाळ्याची गाठ आवळत म्हणे, "माझी जागा भरली हाय." त्यापुढं एक शब्द नाही. माझी खात्री होती की त्याला काही सुचत नसावं. दुसऱ्यांच्या लग्नात खोड्या काढणारे पुष्कळदा बिनलग्नाचेच असतात, आणि डोमाभाऊ होताही तसाच. दोन ठिकाणी बोलणं झालं होतं म्हणे, पण मुलींनी दाराच्या फटीतून त्याचं तोंड पाहिलं आणि तिथंच ते थांबलं.

हे सगळं गमतीचं. माझं काम मात्र अजिबात होत नव्हतं.

नदीपलीकडच्या गावात माय आली होती. तिकडं देवीच्या रोगाला कुणी रोग म्हणत नाही, माता माय म्हणतात. माय येते, माय बसते, माय जाते. पलीकडून मायपुढं वाजणारी डफडी ऐकू येत, आणि पोर गेलं की एके दिवशी ती थांबत. अलीकडे आमच्या गावात पोरंच पोरं, आणि एकाच्याही दंडावर टोचल्याची खूण नाही. पलीकडची माय नदी ओलांडून आली असती तर काय झालं असतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि त्या बायांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी कुणी पोर पुढं आणीना. कारण टोचणं म्हणजे मायच्या वाटेत काटा टाकणं. तिला राग आला म्हणजे?

त्यात मी माझी अक्कल पाजळली. चावडीसमोर सगळ्यांना जमवून मी भाषण ठोकलं. देवी ही देवी नव्हेच, तो एक जंतू आहे, डोळ्यांनी दिसतसुद्धा नाही. "देवही डोळ्यानं दिसत नाई," मागून कोणी म्हणालं आणि सभा संपली. दुसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन निघालो तर गावात पोर नावाची वस्तू शिल्लक नव्हती. काही रानात, काही मामाच्या गावी, आणि काही धान साठवायच्या बांबूच्या ढोलीत. एका ढोलीतून शिंक आली. मी आत वाकून बघायला गेलो आणि डोक्यावर पालथा आत पडलो. पोर माझ्या पाठीवर पाय देऊन पळून गेलं. मला त्याच्या आजीनं बाहेर काढलं, धान झटकलं आणि हातावर गुळाचा खडा ठेवला. अपमान करायची तिकडची ही रीत.

वरच्या साहेबांचा निरोप आला होता. काम झालं नाही तर भामरागडला पाठवतो, तिथं पावसाळ्यात रस्ता बुडाला की तुझं तोंड चार महिने बघावं लागणार नाही. मी तलावाच्या पाळीवर बसून डोमाभाऊपुढं रडगाणं गायलो. त्यानं बदलीकडं लक्षच दिलं नाही. पलीकडं बोट दाखवून म्हणाला, "आज डफडं वाजलं नाई." मग बराच वेळ जाळं विणत राहिला.

"इंद्रदेव, तुमची टोचनी देवाईले चालंल का?"

"म्हणजे?"

"मंडई आठ दिसावर आली. दंडारीत तुमाले घेतो. इंद्राची सभा लावू. तुमी सप्पा, एकूनएक देवाईले टोचा, लोकाईच्या डोळ्यापुढं. देवानं घेतलं का मानूस घेते."

मी उडालोच. पण तालमीला सोंगं वाटताना घोडं अडलं. गणपती झाला, मारुती म्हणून लोहार झाला, इंद्र तर आयता होताच. मग डोमाभाऊ म्हणाला, "आता माता माय कोन होते?"

माता मायचं सोंग कधी कुणी घेतलं नव्हतं. तिचं सोंग घेतलं की ती त्याच्या घरी येते, हे तिकडं पोरासोरांना ठाऊक. दंडारीत बायकांची सोंगं घेणारा चंपत नावाचा नाजूक गडी होता. तो हात जोडून म्हणाला, "भाऊ, मले सीता करा, मंदोदरी करा. शूर्पणखा करून माझं नाक कापा. पर माय नाई."

"मंग मायशिवाय जमते का? जिचा राग येईल म्हनून भेता, तिलेच इचाराव लागंल ना?"

डोमाभाऊनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. "असू दे," तो म्हणाला. "मी होतो."

मंडईच्या दिवशी आजूबाजूच्या पाच-सात गावांची माणसं लोटली होती. जिलबीच्या कढया, बांगड्यांच्या हातगाड्या, रहाटपाळणा. माझा मुकुट घासलेटच्या डब्याच्या पत्र्याचा होता आणि तो डोळ्यांवर घसरत होता. माझं एकच वाक्य होतं, "देवहो, आपण माझ्या सभेत यावे." आठ दिवस घोकलेलं. ढोलकी वाजली, हजार डोळे माझ्याकडं वळले आणि मी गरजलो, "पुढचा! बाही वर करा!"

लोकांना ते फार आवडलं. त्यांना वाटलं, इंद्र असाच बोलतो.

गणपतीनं सोंड डाव्या खांद्यावर टाकून दंड पुढं केला. टोचलं. टाळ्या. मग मारुती आला. द्रोणागिरी म्हणून पळसाची अख्खी फांदी उचलून आणली होती त्यानं. मी टोचणी लावली, रक्ताचा बारीकसा थेंब आला, लोहारानं तो पाहिला आणि "माय वो!" म्हणून तो वीर माझ्या अंगावर कोसळला. मी सिंहासनावर कोसळलो आणि सिंहासन ढोलकीवाल्यावर.

हसू आलं नाही कुणाला. शेंदूर फासलेला मारुती डोळे पांढरे करून पडलाय. याहून वाईट शकुन कुठला? बायांनी पोरांना पदराखाली ओढलं. मागची माणसं उठू लागली. माझ्या मुकुटाच्या फटीतून मला दिसत होतं की सगळं संपलं. पलीकडून आज वा उद्या ती येणार आणि या गर्दीतली कोणती पोरं पुढच्या मंडईला असतील ते देवच जाणे. आणि त्या देवांचा राजा मी, मारुतीखाली.

तेवढ्यात गर्दी मधोमध दुभंगली. पिवळं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात कडुनिंबाचा टहाळा घेऊन माता माय येत होती. डोमाभाऊनं मिशी काढली नव्हती. एक पोरगं मोठ्यानं म्हणालं, "मायले मिशी हाय!" त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात दाबला. कारण त्या चेहऱ्यावर दुसरं काही दिसतच नव्हतं. ते वण. कोणत्याही सोंगाला रंगानं काढता येणार नाहीत असे. बाया आपोआप वाकल्या.

माय माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि तिनं दंड पुढं केला.

वाचकहो, जंतूवर भाषण ठोकणारा मी! मायच्या अंगाला टोचणी लावायचा मला धीर होईना. शिवाय ज्याला एकदा देवी येऊन गेल्या त्याला टोचून उपयोग नाही, हेही मला माहीत होतं. मी पुटपुटलो, "भाऊ, तुम्हाला गरज नाही."

"टोच रे इंद्रा," ती कुजबुजली. "मायले येळ नाई."

मी टोचलं. मायनं दंड उंच करून चारी बाजूंना दाखवला. मग डोमाभाऊ बोलला, आणि तो आवाज तालमीतला नव्हता.

"पाहून घ्या. हे माझं निशान. ज्या लेकराच्या दंडावर हे दिसंल, त्याच्याकडं मी येऊन गेली असं मी समजीन. एकदा गेलेल्या घरी मी दुसऱ्यांदा जात नाई. तुमाले ठावं हाय."

ठाऊक होतंच. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना ठाऊक होतं. भागरथाबाई काठी टेकत उठली, पणतू काखेत घेऊन आली आणि तिनं त्याला मायच्या मांडीवर ठेवलं. तिच्यामागं दुसरी आली. मग रांग लागली, आणि मला खरंच "पुढचा!" म्हणून ओरडावं लागलं. दिवस कलेपर्यंत डोमाभाऊ हलला नाही. प्रत्येक पोर मांडीवर घेई, निंबाचा टहाळा त्याच्या डोक्यावरून फिरवी, ते रडलं की मिशीतून "उगी, उगी" म्हणे. आणि प्रत्येक आई जाताना त्याच्या पायावर डोकं ठेवी. लोहारही मधे शुद्धीवर आला आणि आपली पोरगी घेऊन रांगेत लागला.

लस संपली तेव्हा वाटलं, झाला खेळ. पण गाव थांबायला तयार नव्हतं. माय गावात आली म्हणजे तिची बोळवण करायला हवी, नाही तर ती राहते. डफडी आली, दहीभाताचा नैवेद्य निघाला. डोमाभाऊला मधे घेऊन सगळे गात गात शिवेपर्यंत गेले, आणि शिवेबाहेर त्याला सोडून, रिवाजाप्रमाणं मागं न बघता परत आले. मीही मागं बघितलं नाही. जंतूवाला मी!

खोलीवर येऊन मुकुट काढला आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. डोमाभाऊ कुठाय? त्याचं धोतर तर माझ्याच खुंटीवर लोंबत होतं.

मी पाळीवरून धावत सुटलो. सूर्य तलावात उतरायच्या बेतात होता. शिवेपलीकडं मोहाच्या झाडाखाली एका दगडावर पिवळं लुगडं नेसून डोमाभाऊ एकटाच बसला होता.

"अहो, इथंच काय बसलात?"

"मंग कसा येऊ? बोळवलेली माय गावात परतली तं सप्पा करनं पान्यात गेलं."

मी धोतर दिलं. तो उठला नाही. मी शेजारी बसलो, आणि तोंडातून निघून गेलं, "डोमाभाऊ, जागा भरली होती म्हणता, मग आज माता मायची कशी घेतली?"

"तेच तं भरली होती जी." तो कपाळावरचं कुंकू अंगठ्यानं पुसू लागला. "मी ल्हान असतानी माय माझ्या अंगावर बसली. ज्याच्या अंगावर बसते त्याले लोक मायच समजते. डोमा म्हनून कोनी हाक मारत नाई. जे मागंल ते देते, कोनी रागवत नाई. माही आई निंबाच्या पाल्यानं वारा घाले अना मले म्हने, माय, जेवता का? माय, पानी देऊ का? तिच्या तोंडून मी माहं नाव किती दिस ऐकलं नाई. कोनता देव होतो म्हनून मले कोनी इचारलं नाई, इंद्रदेव. झालो."

त्यानं कुंकवाचा अंगठा लुगड्याच्या पदराला पुसला.

"एके दिशी तिनं माझ्या पायावर डोस्कं ठेवलं. रडून राह्यली होती. म्हने, माय, लय झालं, आता जा. जा वो माय. मले काय समजते? मले वाटलं मलेच हाकलून राह्यली. मी म्हनलो, जातो, पर कुठी जाऊ? मले पायानं चालता येत नाई."

तो हसला. खरंच हसला, दात दाखवून. मग झाडाआड जाऊन त्यानं धोतर नेसलं. लुगड्याची नीट घडी केली आणि दगडावर ठेवली. ते मायचं झालं होतं, परत आणायचं नव्हतं. तलावावर तोंड धुतलं आणि मला म्हणाला, "तुमी पुढं व्हा. दोघं संगं गेलो तं लोक म्हनतीन दोन देव पळून आले."

मी पुढं झालो, पण भागरथाबाईच्या घराशी रेंगाळलो. थोड्या वेळानं तो दुसऱ्या बाजूनं, खांद्यावर जाळं टाकून, तलावावरून परतल्यासारखा आला. म्हातारी ओट्यावर बसली होती.

"डोमा, कुठी होतास रे दिवसभर? माय येऊन गेली गावात. तुले दिसली नाई?"

डोमाभाऊ थबकला. "नाई वो बाई. मी तलावावर होतो."

"लय गुनाची होती. लेकराईले मांडीवर घेऊन बसली. कोनाले त्रास नाई देल्ला."

"अस्सं?" त्यानं जाळं खाली ठेवलं. "अना गेली कशी?"

"आमी हात जोडले. म्हनलं, जा वो माय. गेली बिचारी. एका बोलात गेली."

डोमाभाऊ उगाच जाळ्याच्या गाठी चाचपत राहिला. म्हातारी आत गेली आणि दहीभातानं भरलेली पितळी घेऊन बाहेर आली.

"तिच्यासाठी केला होता. ती उपाशी गेली," ती म्हणाली. "तू खाय डोमा. बस इथी."

तो ओट्यावर बसला आणि जेवू लागला. ती कडुनिंबाच्या एका डहाळीनं त्याच्यावरच्या माश्या हाकलत होती आणि, घास संपला की, पुन्हा पुन्हा त्याचं नाव घेऊन विचारत होती, "डोमा, अजून देऊ का? डोमा, पानी पाह्यजे का?"